कोळ्याचा रंग

आईचा डफ आता माझ्याकडे असतो, तोरीनोत, कपाटावर.
शेळीचं कातडं, चाळणीचं कडं,
टोमॅटोच्या डब्यांचे पत्रे कापून केलेल्या चकत्या.
कातड्यावर कडेला एक तपकिरी डाग आहे,
अंगठ्याएवढा.
तो मी पुसत नाही.

त्या जूनमध्ये चेझारियाला कोळी चावला.
तंबाखूच्या शेडात, भर दुपारी, असं सासू म्हणाली.
ती बोलेना, जेवेना,
भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.
डॉक्टर आला, जीभ बघितली, नाडी बघितली,
पैसे न घेता गेला;
म्हणजे त्यालाही काही कळलं नव्हतं.
मग आईला बोलावणं आलं.

आई म्हणजे ओरोंझा. एरवी तंबाखूची पानं ओवणारी,
वाण्याच्या उधारीच्या वहीत अंगठा उठवणारी.
तोच अंगठा.

जमिनीवर पांढरी चादर पसरली.
कोपऱ्यात संत पावलोची तसबीर, पुदिन्याची कुंडी.
सायकली दुरुस्त करणारा पान्तालेओ
अकॉर्डियन मांडीवर घेऊन बसला, नखांत ग्रीस तसंच.
दोरीवर फिती टांगल्या: लाल, हिरवी, पिवळी, काळी.
कोळ्याला रंग असतो म्हणत.
आपल्या कोळ्याचा रंग दिसला की बाई उठते,
नाचते,
आणि विष तळपायांच्या वाटेनं मातीत उतरतं.

पहिला दिवस गेला. लाल नाही.
दुसरा गेला. हिरवी नाही, पिवळी नाही, काळी तर नाहीच.
ढुप-टिकिटी, ढुप-टिकिटी,
आईचा खांदा लाकडासारखा झाला,
शेजारणी आळीपाळीनं तिच्या तोंडात पाणी घालत होत्या.
सासूनं मेणबत्त्या मोजायला सुरुवात केली.

तिसऱ्या दिवशी मी दाराशी बसले होते, आठ वर्षांची,
सगळ्यांच्या गुडघ्यांच्या उंचीवर.
तिथून दिसलं:
चेझारियाचा उजवा हात चादरीवर हलतोय.
टोचायचं, ओढायचं, सरकवायचं.
सुई नव्हती, पान नव्हतं,
ती ओवत होती.

मी आईचा झगा ओढला आणि बोट दाखवलं.

आई थांबली नाही. फक्त वेग उतरत गेला,
म्हातारं माणूस जिना उतरतं तसा, पायरी चाचपत.
टोच, ओढ, सरक.
टोच, ओढ, सरक.
कातड्यावर रक्ताचा पहिला ठिपका तेव्हा पडला.
चेझारियाची टाच जमिनीला लागली.
बऱ्याच वेळानं दुसरी.

संध्याकाळपर्यंत ती नाचली.
फितींकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.
दारामागच्या खिळ्याला शेडातला तिचा एप्रन होता,
तो ओढला, खाली टाकला,
आणि त्याच्यावर, त्याच्यावरच, नाचत राहिली.
एप्रन राखाडी होता.
राखाडी फीत कुणी आणलीच नव्हती.

घरी येताना मी विचारलं,
कोळी राखाडी होता का गं?
आई अंगठा चोखत चालली होती.
'आठ पायांचा नव्हता,' एवढंच म्हणाली.
पुढच्या आठवड्यात शेडावर नवा मुकादम आला.
जुन्याबद्दल बायका बोलत नसत,
पण त्याचं नाव निघालं की
कुणीतरी पायानं जमीन घासायची.

आता शनिवारी मी शिकवते, शाळेच्या जिममध्ये,
बास्केटबॉलच्या रेघांवर.
चांगली माणसं येतात, अनवाणी, पाण्याच्या बाटल्या घेऊन.
विचारतात, श्वास कुठे घ्यायचा?
डोळे मिटायचे का?
देव जाणवतो तो नेमका कधी?
मी म्हणते, आईनं वाजवताना डोळे मिटलेले
मी कधी पाहिले नाहीत.
समोरच्या बाईचे पाय बघा.
मग हात बघा.
यातच वर्ष जातं.
काहीजण दुसऱ्या शनिवारी येत नाहीत.

काल एक नवी आली होती. नाव सांगितलं नाही,
कोट काढला नाही,
भिंतीला टेकून उभी राहिली.
बाकीचे जोरात, आनंदात बडवत होते.
तिच्या कोटाच्या खिशात काहीतरी हलत होतं,
बोटं असावीत.
दुमडायची, दाबायची, उलटायची.
दुमडायची, दाबायची.

मी वेग उतरवला.